माळ्यावरची दमयंती आणि चौकटीबाहेरचे नायक

आडवाट
गेल्या महिन्यात आजोळचं घर आवरायला गेलो होतो. माळ्यावर घंगाळ, तुटका पाळणा आणि आजोबांच्या कायद्याच्या पुस्तकांमागे गोणपाटात गुंडाळलेली एक तसबीर निघाली. धूळ पुसली तर लाल साडीतली बाई. आई जिन्यावरूनच ओरडली, "अगो बाई, बदकवाली!" लहानपणी मामा, मावशा सगळे तिला बदकवालीच म्हणायचे म्हणे.

ती दमयंती. राजा रविवर्म्याचं 'हंस-दमयंती'. मूळ तैलचित्र १८९९ चं, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा आर्ट गॅलरीत आहे. आमच्याकडचं अर्थात छापील. पण साडीच्या काठावर खरी जर आणि बारीक टिकल्या चिकटवलेल्या आहेत. त्यातल्या निम्म्या सुटून काचेच्या तळाशी गोळा झाल्यात. खाली इंग्रजी अक्षरांत रविवर्म्याच्या प्रेसचं नाव, पुढे कार्ला-लोणावळा. आणि हंसाच्या जागी कसरीने खाऊन पाडलेलं पंजाएवढं भोक! म्हणजे दमयंती मोठ्या तन्मयतेने भोकाशी बोलतेय. (फोटो तीनदा चढवून पाहिला, चढत नाहीये. संपादकांनी मदत करावी.)

त्या भोकामुळे डोक्यात किडा शिरला. या चित्रात नळ नाहीच. प्रेमाचं चित्र, पण प्रियकर गायब. मग रविवर्म्याची बाकीची आठवली. पायात काटा रुतल्याचं निमित्त करून मागे वळून बघणारी शकुंतला: दुष्यंत चौकटीबाहेर. कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला: दुष्यंत नाही. जिथे दोघं आहेत तिथे एकजण झोपलेला, नाहीतर निघून चाललेला, नाहीतर पाठ फिरवलेला. नळ-दमयंतीचं बडोद्याचं चित्र घ्या, नळ तिला अरण्यात झोपेत सोडून चाललाय. जोडपं एकमेकांच्या डोळ्यांत बघतंय असं चित्र मला तरी आठवेना.

हे फक्त रविवर्म्याचं आहे की त्या सगळ्या पाश्चात्त्य अकॅडमिक वळणाच्या चित्रकलेचंच? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गारवेल
मस्त धागा. बदकवाली वाचून फुटले. आमच्याकडे सरस्वतीला 'तंबोरेवाली मावशी' म्हणायचे.

खडूफळा
आडवाट, एक दुरुस्ती. काटा नव्हे, दर्भ. निवृत्त संस्कृत शिक्षक असल्याने गप्प बसवत नाही. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्या अंकाच्या शेवटी शकुंतला सखीला सांगते की दर्भाचं कोवळं टोक पायाला टोचलं आणि वल्कल कुरबकाच्या फांदीत अडकलं. दुसऱ्या अंकात दुष्यंत हेच विदूषकाला रंगवून सांगतो:

दर्भाङ्कुरेण चरणः क्षत इत्यकाण्डे तन्वी स्थिता कतिचिदेव पदानि गत्वा ।

यातला 'अकाण्डे' म्हणजे काही कारण नसताना. चार पावलं गेली आणि उगाचच थांबली. पुढच्या ओळीत 'असक्तमपि' येतं, वल्कल फांदीत अडकलेलं नसतानाही सोडवत बसली. म्हणजे हा श्लोकच मुळी प्रियकराने टिपलेल्या एका लबाडीचा आहे. तो बघतोय म्हणून ती लबाडी दिसते. रविवर्म्याने १८९८ च्या चित्रात हाच क्षण घेतला, पाय उचललेला, सखीच्या खांद्याचा आधार, मान मागे. आणि बघणारा दुष्यंत काढून टाकला. मग लबाडी पकडली कोणी? आपण. चित्रासमोर उभा राहणारा प्रत्येक जण क्षणभर दुष्यंत होतो. म्हणून माझ्या मते नायक गायब नाही, त्याची जागा आपल्याला दिलेली आहे.

ता. क. वल्कलं मात्र चित्रकाराने सोयीस्कर विसरली. कण्वाच्या आश्रमात इतकं चांगलं वस्त्र कोणी आणून दिलं कोण जाणे.

उगाच_एक
म्हणजे रविवर्मा आपल्याला ताकझाक करायला लावतो. आधीच माहीत होतं. :)

गारवेल
खडूफळा सर, हे वाचून शाळेत परत जावंसं वाटलं. पण बाई म्हणून थोडं टोचलं. दर्भासारखंच समजा. 'प्रत्येक जण दुष्यंत होतो' म्हणता, मी कोण होते मग? माझ्या आजीच्या माजघरात हीच शकुंतला होती आणि दुपारी तिच्याखाली निजणाऱ्या सगळ्या बायकाच. आजीला मी विचारलं होतं ही काय करतेय. "काही नाही गं, थोडा वेळ काढतेय," म्हणाली. तिने दुष्यंताचं नावही घेतलं नाही. आजी स्वतः विहिरीवर जाताना असाच वेळ काढत असावी, हे मला फार उशिरा कळलं.

खडूफळा
गारवेल, हात जोडले. चाळीस वर्षं शाकुंतल शिकवलं, 'वेळ काढतेय' हा अर्थ सुचला नाही. आणि मूळ पाठात तो आहे! 'अकाण्डे' दुष्यंताचा शब्द, तिचा नाही. तिच्या दृष्टीने कारण असेलही.

सयाजीपुराकर
बडोद्याचा उल्लेख झाला म्हणून हजेरी. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रं सांगितली. नळ-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, शंतनू-गंगा, शंतनू-मत्स्यगंधा ही त्यातलीच. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात बघता येतात. ती इमारत मूळ राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेली, त्यामुळे खोल्या घरगुती आणि चित्रं नाकासमोर येतात.

आडवाटांचं निरीक्षण तिथे जाऊन तपासा, खरं निघतं. शंतनू-गंगा: आठवं मूल ती पाण्यात सोडायला निघालीय आणि राजा अडवतोय. म्हणजे संसार मोडण्याचा क्षण. यादीतल्या प्रेमी जोड्यांमध्ये एकही सुखाचं जेवायला बसलेलं जोडपं नाही. अर्जुन-सुभद्रा (१८९०) हे त्यातल्या त्यात शृंगाराच्या जवळचं. तो पुढे झालाय, तिची नजर खाली.

आणि महाराष्ट्राने विसरू नये असं एक: संगीत सौभद्र १८८२ चं. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा गाजत होती, त्यानंतर आठ वर्षांनी हे चित्र आलं. सुभद्रेचं ते लाजणं बघून मला दर वेळी वाटतं, आता ही तोंड उघडणार आणि पद सुरू होणार. रविवर्म्याची चित्रं रंगमंचासारखी मांडलेली असतात यात शंका नाही. मागे पडदा, पुढे पात्रं, आणि कोणीही प्रेक्षकांकडे पाठ करत नाही.

तैलरंग
शेवटच्या वाक्यात उत्तर दडलंय. मी तैलचित्रं करतो, पोटापाण्यासाठी पोर्ट्रेट्स, त्यामुळे हे तांत्रिक अंगाने सांगतो.

दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघतायत असं काढून बघा. दोघांचेही चेहरे प्रोफाइलमध्ये जातात. म्हणजे तुमच्या वाट्याला दोन अर्धे चेहरे, दोन डोळे, दोन नाकं समोरासमोर. नाण्यावरच्या छापासारखं. अकॅडमिक चित्रकाराचं सगळं कसब असतं थ्री-क्वार्टरमध्ये, म्हणजे किंचित वळलेल्या चेहऱ्यात. गालाचा उंचवटा, नाकाची सावली, लांबचा डोळा किंचित अरुंद, तिथे तैलरंग बोलतो. रंग सावकाश वाळतो म्हणून उजेडातून सावलीत जाणारी ती कड तुम्ही दोन दिवस खेळवू शकता. प्रोफाइलमध्ये ती कडच नाही, थेट पार्श्वभूमी. मग काय करायचं? एकाची मान वळवायची. वळवली की नजर सुटली. नजर सुटली की गोष्टीत कारण शोधावं लागतं: लाज, विरह, शाप, झोप. पुराणात ही कारणं पोत्याने आहेत.

चुंबन तर त्याहून अवघड. दोन डोकी एकमेकांवर आली की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या सावलीत बुडतो. पोर्ट्रेटवाल्याला हे परवडत नाही.

आम्हाला कॉलेजात (नाव नको) एका सरांनी 'भावना' हा विषय देऊन जोडपं काढायला सांगितलं होतं. वीसपैकी अठरा जणांनी पाठमोरं काढलं आणि सर म्हणाले, वा, काय प्रतीकात्मक! प्रतीक कसलं, चेहरे जमत नव्हते.

उगाच_एक
अठरा जणांत तुम्ही होता की नाही ते सांगा आधी.

तैलरंग
होतो. आणि मला सगळ्यात जास्त मार्क मिळाले.

हडसनकाठ
मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: फक्त रविवर्मा की सगळेच? न्यूयॉर्कात राहते, मेट संग्रहालयात जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं 'पिग्मेलियन आणि गॅलेटिया' आहे, स्वतः घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडलेल्या शिल्पकाराचं. सालही गमतीचं, १८९०. म्हणजे बडोद्याला अर्जुन सुभद्रेजवळ सरकत होता तेव्हाच पॅरिसात हा शिल्पकार आपल्या पुतळ्याला मिठी मारत होता.

तैलरंग म्हणतात ती अडचण इथे कशी सोडवलीय बघा. चुंबन आहे, अगदी खरं. पण बाई चौथऱ्यावर उभी आहे आणि आपल्याकडे तिची पाठ. वाकून, कमरेत वळून ती त्याला बिलगलीय. ओठ कुठे टेकले ते जवळजवळ झाकलेलं. चेहऱ्याचा प्रश्नच मिटवला. सगळं चित्र तिच्या पाठीवर चाललंय, आणि त्यात जेरोमची कमाल म्हणजे पाय अजून दगडाचे आहेत. पोटऱ्या पांढऱ्याफटक संगमरवरी, मांडीपाशी हलकी गुलाबी छटा, वर पूर्ण रक्तामांसाची. रंग कुठे बदलतो ते शोधत मी एकदा इतकी जवळ गेले की पहारेकरी येऊन उभा राहिला. सापडलं नाही.

खडूफळा सरांसाठी: रोमन कवी ओव्हिडच्या मूळ कथेत पुतळा हस्तिदंताचा आहे, संगमरवरी नाही, आणि त्या बाईला नावही नाही. गॅलेटिया हे नाव फार नंतर चिकटलं. तेव्हा तुमच्या वल्कलासारखीच सोयीस्कर विस्मृती तिकडेही.

पण तुम्हाला हवं आहे ते चित्र हे नव्हे. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, जेरार या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराचं 'सायकी आणि आमोर', १७९८. सायकी ही माणसाची मुलगी, आमोर म्हणजे मदन. तो तिला दिसत नाही अशी अट. जेरारने तो आपल्याला दाखवलाय, पंखबिंख लावून, तिच्या कपाळावर ओठ टेकवताना. आणि ती? ती समोर बघतेय, पण कुणाकडेच नाही. अंगाला काहीतरी जाणवलंय, डोळ्यांना काही कळलेलं नाही. डोक्यावर एक फुलपाखरू, कारण ग्रीकमध्ये सायकी म्हणजे जीवात्माही आणि फुलपाखरूही. तिथे प्रियकर चौकटीत आहे आणि तरीही नाही. आडवाट, तुमच्या दमयंतीची ही थोरली बहीण.

आडवाट
हडसनकाठ, जोरदार! 'चौकटीत आहे आणि तरीही नाही' हे डायरीत लिहून ठेवलं. तैलरंग यांनी माझ्या तत्त्वज्ञानाची हवा काढली, पण पटलं.

पाणपक्षी
सगळे नायकाच्या मागे लागलेत, बिचाऱ्या पक्ष्याकडे कोणी बघेना. मी बघतो.

रविवर्म्याचा हंस म्हणजे लांब वळणदार मानेचा पांढराशुभ्र, इंग्रजीतला 'स्वान'. हा पक्षी आपल्याकडे अगदी क्वचित, वाट चुकून येतो. आपल्या कवींचा हंस कोणता यावर वाद आहेत, पण हिमालय ओलांडून आपल्या तळ्यांवर दर हिवाळ्यात उतरणारा म्हणाल तर पट्टकादंब. करडा, बुटका, डोक्यावर दोन काळे पट्टे. तो तसबिरीत घातला असता तर तुमच्या आईंचं 'बदकवाली' शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. महाभारतातले हंस तर सोन्याने मढलेले, 'जातरूपपरिच्छद'. रविवर्म्याने ना सोनेरी घेतला ना करडा, युरोपातल्या चित्रांतला घेतला. तिकडे त्या हंसाची ख्याती वेगळीच आहे. लीडा राणीची ग्रीक गोष्ट माहीत असेल, तिथे हंस निरोप्या नसतो, खुद्द देवराज झ्यूसच तिला भुलवायला हंसाच्या रूपात आलेला असतो. सोज्वळ दमयंतीशेजारी तो बसलेला बघून एखादा फ्रेंच माणूस भलताच अर्थ काढेल.

खडूफळा
वा! आणि मराठी माणसाला हा हंस रघुनाथ पंडितामुळे पाठ. नळाने पकडल्यावर बाकीचे पक्षी उडून जातात ते:

तदितर खग भेणें वेगळाले पळाले
उपवन-जलकेली जे कराया मिळाले
स्वजन गवसला जो त्याजपाशी नसे तो
कठिण समय येतां कोण कामास येतो

शेवटची ओळ म्हण म्हणून वापरणाऱ्या किती जणांना ती एका हंसाची आहे हे माहीत असतं? आडवाट, तुमच्या हंसाला कसर लागली तेव्हाही कोणी कामास आलं नाही.

आणखी एक, दमयंती विदर्भराज भीमाची मुलगी. कुंडिनपुरची. आज अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर आहे तेच ते, अशी आपल्याकडची समजूत. तेव्हा केरळच्या चित्रकाराने तिला साडी नेसवली म्हणून ओरडणाऱ्यांनी थोडं थांबावं, मुलगी माहेरच्या वेषात आहे असं समजू.

निषाद
माफ करा, कौतुकाच्या पुरात थोडं खारं पाणी. भगिनी निवेदितांनी १९०७ साली लिहिलेलं कोणी काढलं नाही. घरोघरी एक लठ्ठ तरुणी जमिनीवर लांब पडून कमळाच्या पानावर पत्र लिहितेय असं चित्र टांगलेलं असतं, असा त्यांचा सरळ टोला होता. म्हणजे पत्रलेखनाचीच शकुंतला. आक्षेप अर्थात पोझवर. आपल्याकडची शालीन मुलगी चारचौघांत अशी लोळते का?

मला आक्षेपापेक्षा तो खटका कुठून येतो ते महत्त्वाचं वाटतं. आडवी पडलेली स्त्री ही युरोपीय अकॅडमीची ठरलेली पोझ. फ्रेंच चित्रकार कबानेलची व्हीनस (१८६३) लाटेवर अशीच आळसावून पडलेली. रविवर्म्याने ती पोझ उचलली, कपडे घातले, हातात कमळाचं पान दिलं. शाकुंतलात सखी सांगते की पोपटाच्या पोटासारख्या मऊ कमलपत्रावर नखांनी अक्षरं कोर. म्हणजे गोष्ट कालिदासाची, पण अंग कबानेलच्या घराण्याचं. तो सांधा निवेदितांना दिसला, रागाने का होईना.

सयाजीपुराकर
निषाद, सांधा आहे, मान्य. पण त्या चित्राचा प्रवासही बघा. १८७६ ला मद्रासच्या प्रदर्शनात आलं, तिथल्या गव्हर्नरने, ड्यूक ऑफ बकिंगहॅमने विकत घेतलं आणि पुढे मोनियर-विल्यम्स या इंग्रज संस्कृत पंडिताने शाकुंतलाच्या आपल्या इंग्रजी भाषांतराला मुखचित्र म्हणून वापरलं. साहेबाला त्यात 'भारत' दिसला, निवेदितांना 'युरोप'. एकच बाई, एकच पान.

गारवेल
आणि आजीला दुपारची निजलेली मुलगी. :)

कार्ल्याचा_रहिवासी
माझा प्रांत आला! रविवर्म्याचा प्रेस आधी १८९४ ला मुंबईत गिरगावात सुरू झाला. 'शकुंतला जन्म' ही पहिली छपाई. मेनका मूल पुढे करतेय आणि विश्वामित्राने तोंड फिरवून हात आडवा केलाय. आडवाटांच्या यादीत हे टाकाच: आई-बाप दोघंही हजर, आणि बाप बघायलाही तयार नाही. पुढे प्लेगच्या दिवसांत १८९९ ला प्रेस मळवलीला, कार्ल्याच्या पायथ्याशी हलला. म्हणून तुमच्या तसबिरीवर कार्ला-लोणावळा असेल तर ती १८९९ नंतरची, हे नक्की. नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. दादासाहेब फाळक्यांनीही तिथे काम केलंय. १९७२ च्या आगीत प्रेस जळला.

छपाई दगडावरची. जितके रंग तितके दगड, प्रत्येक रंग वेगळा, एकावर एक बिनचूक बसवायचा. केसभर चुकलं तर ओठ गालावर. जर-टिकल्या मात्र छापून झाल्यावर हाताने लावायच्या. कुठे हौशी घरी, कुठे दुकानदाराकडून. त्यामुळे सारखीच दमयंती दोन घरांत सारखी नसायची.

तैलरंग
आडवाट, कामाचं बोलू. ती तसबीर तशीच भिंतीवर लावू नका. मागची फळी आधी काढा, कसरीची वस्ती तिथेच असते. कागद काचेला टेकू देऊ नका, मध्ये माउंट हवा, आम्लरहित बोर्डाचा. सेलोटेप आणि फेविकॉल, दोन्हींना घराबाहेर ठेवा. भोकाला मागून जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद), गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. स्वतः करू नका, कागदाचं काम करणारा संवर्धक गाठा. आणि तळाशी पडलेली एकही टिकली फेकू नका.

आडवाट
सगळ्यांचे आभार. धागा वर काढतोय कारण काम झालं.

पुण्यात एक बाई हे करतात, त्यांच्याकडे दिली. मागची फळी निघाली तेव्हा आत पुठ्ठ्याऐवजी जुन्या पंचांगाची पानं निघाली, साल फाटलेलं. कागद साफ झाल्यावर लाल इतका लाल निघाला की आई म्हणाली हे आमचं नव्हेच. भोकाच्या कडेला हंसाच्या शेपटीची दोन पांढरी पिसं सापडली, बाकी काही नाही. टिकल्या सत्तेचाळीस, काडेपेटीत घालून दिल्या होत्या.

बाईंनी विचारलं, टिश्यूवर हंस रंगवून देऊ का, मूळ चित्र बघून जमेल. मी आईकडे बघितलं. खडूफळा सरांचं दुष्यंतपुराण, हडसनकाठांची सायकी, सगळं मी तिला गाडीत ऐकवलेलं होतं. आई म्हणाली, "बदक राहू दे हो. जर तेवढी घट्ट बसवा. ती आमच्या माईने लावलीय."